किनाऱ्यावरची जुनी गाडी आणि राठ झालेलं कार्पेट

(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

या महिन्यात जुन्या गाड्यांबद्दल आलेल्या पत्रांत बहुतेकांची तक्रार एकच आहे: पायाखालचं कार्पेट ताठ झालंय, मऊ कसं करायचं? म्हणून या वेळी पूर्ण जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : वडिलांची १९७४ ची अॅम्बॅसॅडर मार्क २ बरीच वर्षं खाडीकाठच्या शेडमध्ये उभी होती. आता ती चालू स्थितीत आणतो आहोत. आतलं निळं कार्पेट पापडासारखं कडक झालंय. कपड्यांचा कंडिशनर पाण्यात घालून चोळला, चार-सहा दिवस मऊ वाटलं, पुन्हा होतं तसंच. पावसाळ्यात ते आपोआप ओलसर आणि नरम होतं, थंडीत ताठ. हा रंग आता मिळत नाही, म्हणून टाकवत नाही. (मालवण)

उत्तर : पावसात नरम आणि थंडीत ताठ, हे मिठाचं लक्षण आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. आर्द्रता उतरली की त्याचे पुन्हा खडे बनतात आणि धागे एकमेकांना चिकटतात. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्के आर्द्रतेलाच ओल धरतं. त्यामुळे खाडीकाठची गाडी छपराखाली असली तरी हा खेळ दरवर्षी चालू राहतो. त्यात लाल मातीची बारीक भुकटी आणि आधीच्या धुण्यातला साबण मिसळला की धागा पार राठ होतो. कंडिशनर धाग्यावर नुसता बुळबुळीत थर चढवतो, खालचं मीठ जागेवरच राहतं. इथे काही घालून भागणार नाही, आत आहे ते काढावं लागेल.

धुण्याआधी तीन तपासण्या करा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते टाळल्यामुळेच चांगली कार्पेटं वाया जातात.

पहिली तपासणी पाठीची. सीटखालचा, न दिसणारा कोपरा काळ्या कापडावर धरून दुमडा. कडकड आवाज होऊन पांढरी-पिवळट भुकटी पडली तर पाठीवरचा लॅटेक्स मेला आहे. लॅटेक्स म्हणजे रबराचा चीक आणि खडूची पूड यांचा थर. हवेतल्या ऑक्सिजनने रबर ठिसूळ होतं आणि ते कोणत्याही धुण्याने परत येत नाही. असं असेल तर खाली देवगडच्या प्रश्नाचं उत्तर आधी वाचा. भुकटी पडली नाही, किंवा चिमूटभरच पडली, तर पुढे जायला हरकत नाही.

दुसरी धाग्याची. कडेचे दोन धागे उपटून एक चिमट्यात धरून अंगणात जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांनी चुरडणारी राख झाली, तर लोकर. वितळून कडक मणी झाला, तर कृत्रिम धागा. दुसरा धागा साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात दाबून बुडवा. सोडल्यावर तो वर तरंगला तर पॉलिप्रोपिलीन, तळाला गेला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर.

तिसरी रंगाची. पांढरं सुती फडकं ओलं करून एका जागी मिनिटभर दाबून धरा. फडक्याला निळा रंग लागला तर पाणी थंडच ठेवा आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र धुवा.

कार्पेट काढायच्या आधी प्रत्येक तुकड्याचा आकार खाकी कागदावर गिरवून ठेवा. पेडलची भोकं, सीटचे बोल्ट, गिअरच्या दांड्याची जागा, सगळं. धुतल्यावर तुकडा आटला तर तो कुठे आणि किती आटला, हे त्याशिवाय कळणार नाही. कोरडं वजनही हुकाच्या काट्यावर करून लिहून ठेवा.

आता कोरडी माती. ती जितकी कोरडी निघेल तितकी काढा, कारण भिजली की तिचा चिखल होऊन धाग्याच्या मुळाशी बसतो. तुकडा पालथा घालून पाठीवरून व्हॅक्यूम फिरवा, मग उताणा करून समोरून. छडीने झोडपू नका. थकलेला लॅटेक्स त्याने फुटतो.

धुण्यासाठी पाणी कोणतं, हे किनाऱ्यावर सगळ्यात महत्त्वाचं. खाडीलगतच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरलं तर एक मीठ काढून दुसरं भराल. ज्यांच्या घरी पाणी शुद्ध करण्याचं यंत्र आहे त्यांच्याकडे बहुधा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं साधन, असतो. पाण्याचा आकडा ५०० च्या वर असेल तर ते पाणी नको. आतल्या वाडीतल्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी सहसा हलकं असतं. पहिल्या काही सरी सोडून नंतर साठवलेलं पागोळीचं पाणी मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही.

दहा लिटर कोमट पाण्यात २० मिली लोकरीचे कपडे धुण्याचा पातळ साबण घाला. कपडे धुण्याची पावडर नको. तिच्यातला क्षार लोकर खराब करतो, आणि तागाची पाठ असेल तर तिचा तपकिरी रंग सुटतो. तुकडा २० मिनिटं बुडवा, त्याहून जास्त नाही. मऊ नायलॉनच्या ब्रशने धाग्याच्या दिशेनेच घासा. लोकर असेल तर ब्रश नकोच, तळहाताने दाबून पाणी आतबाहेर करा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाणी एकाच तापमानाचं ठेवा. घासणं आणि गरम-थंडाचा फरक एकत्र आले की लोकरीचा नमदा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही.

मग खळबळणं. मऊपणा येतो तो इथे, आणि कंटाळाही इथेच येतो. दरवेळी नवं दहा लिटर पाणी घ्या, तुकडा पाच मिनिटं बुडवा, उचला, तिरक्या फळीवर टाकून हाताने दाबत निथळा. पिळू नका. प्रत्येक खळबळीनंतर बादलीतल्या पाण्यात मीटर बुडवून बघा. पहिल्या पाण्याचा आकडा हजारांत गेला तर नवल नाही. वापरलेल्या पाण्याचा आकडा ताज्या पाण्याच्या आकड्याहून ५० पेक्षा कमी फरकाने वर असेल, तेव्हा मीठ निघालं असं धरा. चार-पाच खळबळी लागतीलच, जास्तही लागतील. मीटर नसेल तर फेस पूर्ण थांबल्यानंतर आणखी तीन खळबळी करा.

धागा नायलॉनचा असेल आणि साबण पूर्ण निघाला असेल, तरच शेवटच्या पाण्यात दहा लिटरला १० मिली कंडिशनर चालेल. साबण राहिला असेल तर दोन्ही मिळून चिकट मळ तयार होतो. तुमच्या बाबतीत तेही घडलं असण्याची शक्यता आहे.

वाळवणं सावलीत, वाऱ्यावर, बांबूच्या कामट्यांवर आडवं पसरून. दोरीवर टांगलं तर ओल्या तुकड्याच्या वजनाने आकार ओढला जातो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी उत्तम. वजन आधीच्या कोरड्या वजनाइतकं किंवा त्याहून कमी झाल्याशिवाय गाडीत घालू नका. हाताला कोरडं लागतं तेव्हाही पाठीत ओल असते. वाळत असताना, थोडं दमट असतानाच ब्रश चारही दिशांना फिरवा, मग धागे सुटे राहतात. पूर्ण वाळल्यावर चार इंची पीव्हीसी पाइपवर आधी धागा बाहेर ठेवून आणि मग आत ठेवून हलकेच गुंडाळा-उलगडा. पाठीचा उरलेला ताठपणा बराच जातो.

प्रश्न : ग्लिसरीन किंवा खोबरेल तेल लावलं तर कार्पेट मऊ राहतं असं गॅरेजवाले सांगतात. (वेंगुर्ले)

उत्तर : दोन्ही लावू नका. ग्लिसरीन हवेतली ओल धरतं, म्हणजे मीठ जे करतं तेच. तेलावर धूळ बसते, ते खवट होतं, शिवाय तेल रबराला फुगवून लॅटेक्स आणखी लवकर मारतं. रॉकेलही तसंच, आणि बंद गाडीत त्याची वाफ धोकादायक.

प्रश्न : तागाची पाठ असलेलं कार्पेट धुतलं. मऊ झालं, पण फिकट रंगावर तपकिरी डाग उमटले आणि लांबीला इंचभर आटलं. (दापोली)

उत्तर : डाग बाहेरच्या मातीचे नाहीत, तागातूनच आलेत. पाठ ओली राहून सावकाश वाळली की तागातला तपकिरी रंग पाण्याबरोबर धाग्यावर चढतो. टोकाशी पाणी उडून जातं, रंग तिथेच राहतो. क्षारयुक्त साबणाने तो जास्त सुटतो. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, विरघळवा. आधी कोपऱ्यावर रंग टिकतो का बघा. मग फवाऱ्याने फक्त धाग्यांची टोकं दमट करा, पांढऱ्या फडक्याने टिपा आणि पंखा लावून लगेच वाळवा. डाग एका वेळी गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. या पाण्यात कार्पेट बुडवू मात्र नका. लॅटेक्समधल्या खडूवर आम्ल पडलं की तो फसफसून विरघळतो आणि पाठ सुटते. व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवा, असा सल्ला सर्रास दिला जातो, तोही याच कारणाने टाळा.

ब्लीचिंगचा तर विचारही नको. लोकर आणि नायलॉन त्याने कायमचे खराब होतात आणि लाल मातीचा डागही जात नाही, कारण तो लोहाचा असतो.

आटलेला तुकडा परत ओढता येतो, पण पाठ धड असेल तरच. पाठीवर फवाऱ्याने हलकं पाणी मारा. प्लायवूडवर खाकी कागदाचा नमुना चिकटवून त्याच्या रेषेपर्यंत तुकडा ओढा आणि दर पाच सेंटिमीटरवर पितळी किंवा स्टेनलेस टाचण्या मारून वाळू द्या. लोखंडी चुका मारल्या तर गंजाचे ठिपके पडतील. एका खेपेत दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त ओढू नका. राहिलेला थोडा फरक दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्टीखाली लपतो.

प्रश्न : माझ्या कॉन्टेसात साच्यातलं एकसंध कार्पेट आहे. वर्षभर गुंडाळून ठेवलं होतं, आता गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर बसत नाही, मध्येच उभं राहतं. हीट गन चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : चालेल, पण पाठीकडूनच. साच्यातल्या कार्पेटच्या पाठीला बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि त्यानेच आकार धरलेला असतो. तो थर गरम होऊन नरम झाला आणि दाबाखाली थंड झाला की नवा आकार धरतो. पॉलिप्रोपिलीनचा धागा १६० ते १६५ अंशांना वितळतो आणि हीट गनची हवा तोंडाशी सहज ३०० अंशांच्या वर असते. म्हणून अंतर किमान २० सेंटिमीटर, हात सतत हलता, आणि पाठीचं तापमान ८० ते ९० अंशांपुढे नको. लांबून तापमान मोजण्याचं साधन असेल तर ते वापरा. नसेल तर वाफेची इस्त्री जास्त सुरक्षित. पाठीपासून दोन बोटं वर धरून नुसती वाफ द्या, इस्त्री टेकवू नका.

तापलेला भाग लगेच उंचवट्यावर बसवून वर वजन ठेवा आणि निदान २० मिनिटं हलवू नका. वजन म्हणून तांदळाच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या छान बसतात. पुळणीवरची वाळू वापरू नका, तिच्यात मीठ असतं आणि पिशवीतून ती झिरपतेच. सगळं कार्पेट एकदम तापवायचा मोह होतो, पण काम मधून कडेकडे, हातभर-हातभर करत न्यायचं. चरचर आवाज आला किंवा धाग्याची टोकं चकाकू लागली तर थांबा. वितळलेल्या टोकांना उपाय नाही.

चालकाच्या टाचेखाली शिवलेली रेक्झिनची किंवा पीव्हीसीची चकती कडक झाली असेल तर ती बदलूनच टाका. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य काळाने निघून जातं आणि ते परत भरता येत नाही. गरम केल्यावर ती तेवढ्यापुरती वाकते, थंड झाली की तडकते.

प्रश्न : कार्पेटखालचा जुना नमदा कुजलाय. त्याऐवजी इथे सहज मिळणारी काथ्याची चटई घातली तर? पत्र्यावर थोडा गंज आहे. (गुहागर)

उत्तर : काथ्या पत्र्यावर नको. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवून काढलेल्या काथ्यात मीठ राहतं, आणि कडक तंतू पायाच्या दाबाने रंगावर घासत राहतात. जाडजूड नमदाही नको. तो पाणी पितो आणि महिनोन्महिने सोडत नाही. बंद पेशींचा पाच-सहा मिलिमीटर जाडीचा फोम घ्या. तो पाणी पीत नाही. फक्त तो पूर्ण चिकटवू नका. चारही कोपऱ्यांना चिकटवा, म्हणजे उचलून खाली पाहता येईल. त्याच्या खाली गेलेलं पाणी दिसत नाही, हा त्याचा एकच दोष.

थोडा गंज हा शब्द मात्र तपासून घ्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक गंजावर जोरात दाबा. आत गेलं तर पत्रा कापून नवा जोडावा लागेल, त्यावर फायबर किंवा डांबरी शीट चिकटवणं म्हणजे कुजणं झाकणं. पत्रा घट्ट असेल तर तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा आणि मग आधी गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन पूर्ण वाळवा. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळतात. गंजाच्या खड्ड्यांत मीठ राहिलं तर वरून कितीही चांगला रंग द्या, पहिल्या पावसाळ्यातच त्याला फोड येतात. धुतल्यावर फॉस्फोरिक आम्लाचा गंजरोधक, मग एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, सांध्यांना सीलंट, शेवटी रंग. तळाच्या भोकांतली रबरी बुचं नवी घाला.

नमदा कुजला म्हणजे पाणी कुठून तरी आलंच. पत्र्याकडची बाजू चिंब आणि वरची कोरडी असेल तर गळती आहे. सगळीकडे सारखी दमट असेल तर मीठ. गळती शोधायला एकाने विजेरी घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून नळी खालून वर न्यायची: आधी दाराचा तळ, मग दाराचं रबर, मग वायपरच्या दांड्या, शेवटी पुढच्या काचेचं रबर. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच उतरतं आणि काहीच कळत नाही. दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं मातीने बुजलेली असतील तर पाणी दारात साठून आतल्या पॅनेलमधून कार्पेटवर येतं. तारेने ती मोकळी केली की अर्ध्या गळत्या संपतात.

प्रश्न : दुमडल्यावर भुकटीच भुकटी पडते आणि धाग्यांचे झुपके हातात येतात. काही करता येईल? (देवगड)

उत्तर : झुपके येतात म्हणजे कार्पेट विणलेलं नाही. धागे पाठीत सुईने ओवून फक्त लॅटेक्सने धरलेले आहेत. विणलेल्या कार्पेटचा लॅटेक्स गेला तरी धागे विणीत अडकून राहतात. तुमचं आता पाण्यात घालू नका, बादलीत सुटं होईल.

मागचा थर बदलता येतो. एन-९५ मास्क लावा, तुकडा प्लायवूडवर पालथा घाला आणि पुट्टीच्या पट्टीने सुटा लॅटेक्स खरवडून व्हॅक्यूम करा. घट्ट राहिलेला तसाच असू द्या. पॉलिश पेपरने घासू नका, झुपके निघतील. मग पाण्यात मिसळणारा कार्पेटचा लॅटेक्स ब्रशने लावा, दर चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम. तो ओला असतानाच त्यावर पॉलिएस्टरच्या मच्छरदाणीची जाळी दाबून बसवा. २४ तासांनी तेवढाच दुसरा हात. मांजरपाट लावायची पद्धत आहे, पण सुती कापडाला इथल्या हवेत बुरशी धरते. एकाच जाड हाताने काम उरकलं तर थर पुन्हा ताठ होतो आणि आतून नीट वाळतही नाही. सनमायकासाठी वापरतात तो एसआर प्रकारचा गोंद पूर्ण पाठीवर फासू नका. तो कालांतराने कडक होतो. तो फक्त कडांना, दोन्ही बाजूंवर लावून दहा-पंधरा मिनिटं सुकल्यावर चिकटवायला ठीक. दुसरा हात वाळल्यावर तीन दिवस थांबा, मग समोरून व्हॅक्यूम आणि दमट फडक्याने सफाई. त्यानंतरही बुडवून धुणं नाही.

चौथ्या भागाहून जास्त झुपके निघाले असतील तर नवं शिवून घ्या, तिथे वेळ घालवू नका. जुने तुकडे कुशनवाल्याकडे नमुना म्हणून न्या, त्यावर धाग्याची दिशा बाणाने दाखवा आणि डाव्या-उजव्या बाजूची खूण करा. सगळ्या तुकड्यांचा धागा एकाच दिशेने हवा, नाहीतर एकच रंग उन्हात दोन रंगांचा दिसतो. कडेला गोट मारण्यासाठी १५ ते २० मिलिमीटर जास्त कापायला सांगा. कापड लोकरीचं मिळालं नाही तर नायलॉन घ्या. पॉलिप्रोपिलीन ओल कमी धरतं, पण टाचेखाली लवकर चपटं होतं.

प्रश्न : नवं कार्पेट घातलं तर व्हिंटेज नोंदणीला अडचण येते का? (अलिबाग)

उत्तर : नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये जी भर पडली, तिच्यानुसार ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. कार्पेट त्यात येत नाही. तरीही मूळ कार्पेटचा तळहाताएवढा तुकडा, रंग न उडालेल्या सीटखालच्या भागातून कापून, कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. पुढे कधी तसाच रंग आणि वीण शोधायची वेळ आली तर फोटोपेक्षा तोच उपयोगी पडतो.